वहिनीनं उचललेली तिवई

मी एक जुनी लोखंडी तिवई आहे. ड्रमवाले मला स्टँड म्हणतात. म्हणोत बापडे. तीन जाड पाय, प्रत्येक पायाला दुहेरी पट्टी, वर लांब दांडा आणि त्याच्या टोकाला पितळेची मोठी झांज, असा माझा थाट. मित्रांनो, आजकालच्या काटकुळ्या तिवया पंखा लावला तरी डोलतात. मी कधी डोलले नाही. कारखान्यात माझे पाय जोडणारा कारागीर म्हणाला होता, ही हलायची नाही. त्याचे शब्द खरे झाले, पण कसे ते ऐकून तुम्हाला हसू येणार नाही.

मला घेतलं एका ड्रमवाल्यानं. लग्नं, वाढदिवस, कंपन्यांचे समारंभ, बोलावतील तिथे तो आपल्या वाद्यवृंदातल्या मंडळींबरोबर वाजवायला जायचा. हात गुणी होता, खोटं कशाला बोलू. पण हौस दांडगी. दोन झांजांवर भागलं असतं तिथे यानं चार टांगल्या. चार झांजांना चार तिवया, पायानं वाजवायच्या जोडझांजेला आणखी एक, शिवाय बसायचं स्टूल आणि मोठा ड्रम पायानं वाजवायचं पेडल. त्यातल्या दोन झांजा तर तो शेवटच्या गाण्यात एकदाच वाजवायचा, आणि तोवर लोक जेवायला उठलेले असायचे. फोटोत भरल्यासारखं दिसतं, असं त्याचं म्हणणं.

हे सगळं लोखंड एका लांब पिशवीत जायचं आणि ती पिशवी उचलायची त्याची बायको. मंडळी तिला वहिनी म्हणत. वाजवण्याआधी जड उचललं की मनगटं थरथरतात, आणि आपलं घर मनगटांवर चालतं, असं ड्रमवाला सांगायचा. त्यामुळे तो झांजांची चपटी पिशवी घेऊन पुढे, मंडळी ड्रम घेऊन त्याच्यामागे, आणि सगळ्यात शेवटी लोखंड घेऊन वहिनी जिना चढायची.

तिची जीभ माझ्या तोडीची होती. मला ती सासूबाई म्हणायची. वजन तेवढंच, वाकायचं नाव नाही, आणि दारात पाय पसरून बसायची खोड, असं चारचौघांत सांगायची. मंडळी पोट धरून हसायची. ड्रमवालाही हसायचा. हसता हसता कुणी पिशवीचं दुसरं टोक धरलं असतं, तर काही बिघडलं नसतं.

अशी वर्षं गेली. वाहवा माझ्या झांजेची व्हायची, त्याच्या हाताची व्हायची. वहिनीच्या खांद्यावर पट्ट्याचा काळपट वळ पडला, तो मग गेलाच नाही. सकाळी अंथरुणातून उठताना ती कण्हू लागली.

एकदा कार्यक्रम वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होता. लिफ्ट बंद होती. तिनं खाली उभं राहून जिन्याकडे पाहिलं.

"आज दोनच झांजा नेऊ या का? जिना फार उभा आहे."

"दोन झांजांत लोकांना वाटेल, पोरं पातेली बडवताहेत," तो म्हणाला आणि वर गेला.

वळणावर तिचा पाय चुकला. पिशवीनं तिला मागे ओढलं. दोघी गडगडत खाली आलो आणि मी तिच्या मांडीवर आदळले. हाड मोडल्याचा आवाज फक्त मी ऐकला, कारण वर ड्रम लावण्याची गडबड चालली होती.

मग कुणीतरी जिन्यात डोकावलं आणि ओरडलं, तसा तो धावत खाली आला. ती पांढरीफटक पडली होती, तरी म्हणाली, मला काही झालं नाही, तुम्ही वाजवा, लोक खोळंबलेत. आणि मित्रांनो, त्यानं ते खरं मानलं. मंडळींतला एक जण तिला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. यानं आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि वाजवलं. मनगटं थरथरली नाहीत. मी समोरच उभी होते.

डॉक्टरांनी तिच्या मांडीत लोखंडी दांडा घातला आणि स्क्रू आवळले. घरी सोडताना सांगितलं, आता जिना विसरा.

पुढच्या कार्यक्रमाला पिशवी त्यालाच उचलावी लागली. तो अर्ध्या जिन्यात धापा टाकत पायरीवर बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं वहिनीच्या खोलीत सगळं लोखंड जमिनीवर मांडलं. दोन झांजा बाजूला काढल्या. राहिलेल्या दोन एकाच हलक्या तिवईवर चिमट्यानं बसवल्या. जड स्टूल जाऊन घडीचं आलं. उरलं ते सगळं खांद्याला लावायच्या एका पिशवीत मावलं. संध्याकाळचा चहा व्हायच्या आत काम आटोपलं. वहिनी पलंगावरून पाहत होती.

मला त्यानं भंगाराच्या ढिगात टाकलं. तेव्हा ती बोलली. "सासूबाईंना राहू द्या. उठताना धरायला काहीतरी न हलणारं हवं मला."

त्यानं माझा एक पाय पलंगाखाली सरकवला आणि दांडा आखूड केला. आता माझ्यावर झांज नाही, तिचा टॉवेल आणि गोळ्यांची पिशवी असते.

हलकं सामान घेऊन तो पहिल्यांदा वाजवून आला, तेव्हा उन्हं अजून खोलीत होती. तो खुशीत होता. म्हणाला, एका फेरीत सगळं वर गेलं, घामसुद्धा आला नाही.

"बाकीच्या झांजा कुठे, असं कुणी विचारलं का?" वहिनीनं विचारलं.

"छे गं. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

बोलून गेला आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून तो दारात उभा राहिला.

मित्रांनो, तुमचं ओझं दुसरं कुणी उचलत असेल, तर एकदा ते स्वतः उचलून बघा. त्यात नुसत्या मिरवण्याच्या किती वस्तू आहेत ते बघा आणि काढून टाका, उचलणारं माणूस धडधाकट आहे तोवर. ते माणूस हसत असेल तर जास्तच नीट बघा. मी लोखंड आहे, मी गंजले तर पुसता येतं, माणसाचं तसं नसतं.

वहिनी उठायला लागली. तो पुढे झाला आणि त्यानं हात दिला, तोच जपलेला हात. तिनं त्या हाताकडे पाहिलं, आणि माझा दांडा धरला.