डोळे शेवटी

“आणि डोळे?” पवित्रा मॅडमनी विचारलं.

येलहंक्यातल्या त्यांच्या चित्रकलेच्या वर्गात उपेंद्रनं नुकताच कॅनव्हास त्यांच्याकडे वळवला होता. मूळ चित्र फ्रान्सातलं, दोनशे वर्षांपूर्वीचं: दफनभूमीत बसलेली अनाथ मुलगी, मान वर करून कशाकडे तरी बघणारी. उपेंद्रच्या नकलेत मान, ओठ, केस सगळं जागच्या जागी होतं. डोळ्यांच्या ठिकाणी मात्र नुसत्या दोन खाचा.

“ते पुढच्या रविवारी. आमच्यात मूर्तीचे डोळे शेवटीच उघडतात.”

“हे देऊळ नाही, अण्णा. चेहरा ओला आहे तोवर डोळे त्यात मिसळायचे. वाळल्यावर वरून चिकटवल्यासारखे दिसतील.”

“नाही दिसणार. बघा तुम्ही.”

चौतीस वर्षं यशवंतपूरला रेल्वेत त्यानं स्टेशनांचे फलक रंगवले होते. पिवळ्यावर काळं, तीन लिप्या. एक अक्षर कधी कललं नव्हतं. हातावर त्याचा भरवसा होता.

आणि घाई होती ती आप्पाजींसाठी. तीस वर्षं तो त्यांच्या कीर्तनात मागे टाळ घेऊन उभा राहिला होता. आता काचबिंदूनं त्यांची नजर उतरणीला लागलेली. ती आहे तोवर त्यांचं चित्र रंगवून त्यांच्यापुढे ठेवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. मॅडमची अट एकच: आधी ही मुलगी, मग आप्पाजी.

पुढच्या रविवारी तो देवाला हात जोडून आला. डोळे काढले. चार पावलं मागे सरून बघितलं, तर सदऱ्याला गुंड्या शिवाव्यात तसे दिसत होते.

मॅडमनी रंग खरवडायची सुरी तेवढी शेजारी ठेवली.

उपेंद्र हसला. “आख्यान भरकटलं की आमचे आप्पाजी भर कीर्तनात सांगतात, मंडळी, चुकलो, मागे जाऊ. मी कुठला मोठा लागून गेलो?”

त्यानं सगळा चेहरा खरवडला. पुन्हा तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी ओल्या गालातून, ओल्या पापणीतून डोळे आपसूक वर आले. मॅडमही चार पावलं मागे सरून बघून आल्या.

“सरी, ठीक आहे. आता बोलवा तुमच्या आप्पाजींना.”

आप्पाजी उपेंद्रच्या घरी येऊन खुर्चीत बसले खरे, पण त्यांना गप्प बसवेना. “अरे उपेंद्रा, तोंड मिटलेला कीर्तनकार कोण ओळखणार? गाऊ दे मला.”

“गा. मान तेवढी हलवू नका.”

“मग गायचं कशानं?”

त्या दिवशी उपेंद्रनं सुरुवातच डोळ्यांपासून केली.

पाचव्या बैठकीला आप्पाजींची सून श्रीविद्या त्यांना हाताला धरून घेऊन आली. उंबऱ्याशी तिनं त्यांच्या मागून उपेंद्रकडे बघून नकारार्थी मान हलवली. मग हळूच म्हणाली, “परवापासून उजेडही कळत नाही, अण्णा.”

मुलीचा चेहरा पुन्हा काढण्यात गेलेले ते तीन रविवार उपेंद्रनं मनात मोजले. मग त्यानं कुंचला उचलला आणि राहिलेलं उपरणं पुरं केलं.

“झालं का रे?”

“झालं, आप्पाजी.”

ते उठले. उपेंद्रनं त्यांना चित्रासमोर उभं केलं. त्यांनी वाकून वास घेतला. “तेल जवसाचं दिसतंय. डोळे उघडलेस?”

“पहिल्याच दिवशी.”

“कुठं बघतोय मी?”

“अगदी शेवटच्या ओळीत. तिथली माणसं पेंगतायत का, ते.”

आप्पाजी खदखदून हसले. “पेंगतायत?”

“छे हो. सगळी जागी आहेत.”

“मग ठीक,” म्हणत त्यांनी हात पुढे केला. बोट ओल्या उपरण्याला लागलं आणि चित्रातल्या खांद्यावर ठसा उमटला.

उपेंद्रनं चिंधी उचलली आणि आप्पाजींचं बोट तेवढं पुसलं.