उन्हात घातलेली गोधडी

मी होस्टेलची लोखंडी खाट बोलतेय. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला मुलींचं लहानसं आर्ट्स कॉलेज आहे ना, तिथली, खिडकीजवळची. सातपूरच्या वर्कशॉपात जन्मले आणि कितीजणींची पदवी या पाठीवर घेतली. मला चौकशा फार. कोणाला स्थळ आलं, कोण डब्यातले लाडू चोरून खातं, सगळं मला कळतं.

आमच्याकडे एक रीत आहे. सुट्टीला जाताना मुलगी वळकटी बांधून खाटेवर ठेवते. वळकटी आहे तोवर खाट तिची. वळकटी गेली, म्हणजे मुलगी गेली.

सुरगाण्याची सृष्टी माझ्यावर अडीच वर्षं झोपली. तत्त्वज्ञान घेतलेलं. वर्गात चौघीच, म्हणून मॅडम खुर्ची ओढून त्यांच्यातच बसायच्या. तिथलं सगळं ही शेजारच्या खाटेवरच्या हर्षालीला ऐकवायची.

"हर्षे, माणूस खरंच मोकळा असतो का गं?"

"आधी बाथरूम मोकळं आहे का बघ, बाई!" हर्षाली मनमाडची, फटकळ.

दिवाळीला गेलेली सृष्टी परत आलीच नाही. आई द्राक्षबागेच्या कामाला गेलेली, धाकटी भावंडं हिच्यावर. त्यात वडील, जयरामभाऊ, शिक्षण पुरे म्हणून अडून बसलेले. फोनवर ती एवढंच म्हणायची, "माझी वळकटी हलवू नको हं."

शेवटी फोन आला. "बाबा तयार झाले! उद्या येते."

हर्षालीला इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळीच कुबट वास जावा म्हणून तिनं वळकटी सोडली, गोधडी गच्चीवर उन्हात घातली आणि तिथंच वाचत बसली.

तेवढ्यात रेक्टरबाई फेरीला आल्या. "गेली वाटतं पोरगी," हळहळल्या, आणि जागेसाठी ताटकळलेल्या एका नव्या मुलीला मला देऊन टाकलं. मी जीव तोडून ओरडले. पण लोखंड नुसतं करकरतं.

थोड्या वेळानं बापलेक दारात. माझ्यावर परकी चादर.

"जागा गेली ना? मंग झालं," जयरामभाऊ म्हणाले. "सांगत व्हतो, तुझी कोन वाट पाहतंय तिथं!"

"अहो, चुकलं माझं, दुसरी खाट लावते," रेक्टरबाई धावल्या.

"नको बाई. जीप थांबलीय."

सृष्टीनं माझ्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि वडिलांच्या मागे गेली.

हर्षाली उन्हानं ऊबदार झालेली गोधडी छातीशी धरून खाली आली, तेव्हा दारात कोणी नव्हतं.

परीक्षा झाली. सृष्टीचा फोन आता लागत नाही. हर्षाली ती गोधडी घडी करून रोज माझ्या पायथ्याशी ठेवते. नवी मुलगी बिचारी पाय आखडून झोपते.

बायांनो, खाट रिकामी दिसली म्हणून लगेच कोणाला देऊ नका. आधी गच्चीवर जाऊन बघा.