बंद पाकीट कोणी नेत नाही

इथे अबू धाबीत घराला पत्ता असतो, पण टपाल त्या पत्त्यावर येत नाही. ते कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये येतं आणि बॉक्सची किल्ली असते हम्मादकडे. हम्माद म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात टपाल आणि व्हिसाची कामं बघणारा माणूस. अत्यंत सज्जन, अत्यंत निवांत. मी रोज सकाळी उपेंद्रचं डोकं खायचे, "आलं का माझं पाकीट?" आणि रोज संध्याकाळी उपेंद्र बूट काढता काढता सांगायचा, "हम्माद म्हणतो, इन्शाल्ला." त्या उत्तरानंतर मी कुकरची शिट्टी अशी आपटून बसवायचे की ईशानी आतून ओरडायची, "मम्मा, चिल!"

पाकीट म्हणजे माझी टपाली मतपत्रिका. माझं माहेर साताऱ्याचं, पासपोर्ट जर्मनीचा. एरफुर्टमध्ये आम्ही बरीच वर्षं राहिलो, लेक तिथेच जन्मली. मी तिथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा भारताचं सोडावं लागलं. उपेंद्रने सोडलं नाही, मी सोडलं. म्हणजे अख्ख्या जगात मला मत एकच, आणि ते तिथलं. आता तिथे निवडणूक आली होती. जी पार्टी पूर्वी चार टवाळांची म्हणून लोक सोडून द्यायचे, ती आता चौकाचौकांत सभा घेत होती. आमच्यासारख्यांना, मग हातात पासपोर्ट का असेना, परत पाठवा म्हणत होती. परत कुठे? माझ्या लेकीला साताऱ्यात रिक्षावाल्याला पत्ता सांगता येत नाही.

हे सगळं मला ब्रिगिटे सांगायची. ती आमची तिथली शेजारीण, निवृत्त नर्स, गुडघे गेलेले. मोर्चा तिला झेपत नाही. म्हणून ती दर शनिवारी घरी केक करते आणि डबा घेऊन आमच्या त्या जुन्या गल्लीतली दारं वाजवते. ज्यांच्या खिडकीत त्या पार्टीचं पत्रक लावलेलं दिसेल, त्यांचं दार आधी. आत जाऊन बसते, त्यांची रडगाणी ऐकते, मग शांतपणे आपलं म्हणणं सांगते. काही जण केक ठेवून घेतात आणि तिला बाहेर काढतात. पुढच्या शनिवारी ही पुन्हा हजर. रविवारी ती मतदान केंद्रावर मतं मोजायलाही बसणार होती. फोनवर तिचा एकच धोशा, "तुझं मत कुठे आहे?"

माझं मत गुरुवारी सापडलं. पंपांच्या कॅटलॉगच्या ढिगात पडून होतं, कधीपासून ते हम्मादलाच ठाऊक. मतदान रविवारी. कुरियरवाला म्हणाला, "मंडे, मॅडम. ट्यूसडे मॅक्सिमम." मी म्हटलं, मंडेला मी त्याचा बोळा करून खाऊ का? उपेंद्रने मला हाताला धरून गाडीत बसवलं.

"सोड आता, रंजू," तो म्हणाला. "वन व्होटने काय फरक पडतो? लाखोंमध्ये एक. खलास."

"मग ब्रिगिटे काय येडी आहे?"

त्यावर त्याने गाडी सुरू केली. पण रात्री जेवताना त्यानेच तोड काढली. इथे आपल्या लोकांची एक पद्धत आहे. गावी औषधं पाठवायची असोत, दाखले असोत, नाहीतर कोणाच्या बाळंतिणीचे लाडू, ग्रुपवर टाकायचं, "कोणी जातंय का?" आणि कोणीतरी जातच असतं. उपेंद्रच्या कंपनीतला टेक्निशियन समाधान शुक्रवारी रात्रीच्या विमानाने फ्रँकफर्टला निघाला होता, नव्या मशीनच्या ट्रेनिंगला. चिपळूणकडचा माणूस, उपेंद्रच्या शब्दाबाहेर नाही. ब्रिगिटेला कळवलं, तर ती म्हणाली, शनिवारचा केक एकदा चुकला तर चुकला, मी गाडीने फ्रँकफर्टच्या विमानतळावर येऊन पाकीट घेते. तिचे गुडघे आठवून मला भरून आलं.

मी मतपत्रिका स्वयंपाकघरात नेली, दार लावून घेतलं. खूण केली, आतलं पाकीट चिकटवलं, कागदावर सही केली, बाहेरचं लाल पाकीट चिकटवलं आणि वर मूठ घासून घासून पक्कं केलं. जर्मन शिस्तीत. तिथेच मी माती खाल्ली.

शुक्रवारी दुपारी, अर्ध्या दिवसाचं काम आणि जुम्म्याची नमाज आटोपल्यावर, मुसाफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका कॅफेटेरियात समाधान भेटला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, पायाशी नवीकोरी बॅग. त्याच्या रूममधला अबुजर सोबत आला होता. चहा आला. मी पाकीट पुढे केलं. समाधानने ते दोन्ही हातांनी घेतलं, उलटसुलट केलं आणि खिशातून किल्ल्यांच्या जुडग्याला लटकवलेला छोटा कटर काढला.

मी त्याचा हात धरला. खरंच धरला, भर कॅफेटेरियात.

"वहिनी, बघितल्याशिवाय कसं नेऊ?" तो गोंधळून म्हणाला. "सगळ्यांचंच बघतो. लाडूपण फोडून बघतो मी."

"हे फोडायचं नसतं. आतलं पाकीट फोडलं की मत बाद."

"बाहेरचं तरी?"

"बाहेरचं फोडून फायदा काय? तुम्हाला बघायचंय ते आतल्यातच असणार ना!"

तो हसला नाही. अबुजरने मान खाली घातली. त्याची गोष्ट समाधाननेच सांगितली. ओळखीतल्या कोणाची औषधाची बंद पुडी अबुजरने विश्वासावर आणली होती. ती औषधाची नव्हती. वर्षभर हा माणूस आत होता, घरी आई मरण पावली, त्याला माती देता आली नाही. बाहेर आला तो कोणाशी फारसं न बोलणारा होऊन.

"पण मी तुमच्या साहेबांची बायको आहे," मी म्हणाले, आणि आवाज चढलाच. "मी तुमच्या हातात गांजा देईन का? तिथे काय चाललंय माहितीये का तुम्हाला? लोकांना हाकलायची भाषा चाललीय!"

"वहिनी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण एअरपोर्टच्या मशीनला तो दिसत नाही," समाधान म्हणाला. "माझ्या दोन मुली आहेत गावाला. उद्या मला धरलं तर मी काय सांगू? आत मत आहे? मला तर तुमचं मत पण माहीत नाही."

त्याने पाकीट माझ्यासमोर ठेवलं. रागाने माझे कान तापले होते, आणि राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं, कारण माणूस शंभर टक्के बरोबर होता. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि वर दोन शब्द सुनावले असते.

"तुमचा पासपोर्ट तर तिकडचाच ना?" जाता जाता त्याने अगदी सरळपणे विचारलं. "मग तुम्हीच का नाही जात?"

उपेंद्र बाहेर गाडीत थांबला होता; समाधानने काय विचारलं ते मी त्याला सांगितलं. उत्तर त्यालाही माहीत होतं.

आम्ही इथे आलो ते पगारासाठी, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. ते खोटं नाही. पण त्याच्या आधी एक ट्रामचा प्रवास आहे. भरलेली ट्राम होती, ईशानी खिडकीशी बसली होती, पाठीवर ससा काढलेलं दप्तर. कोट घातलेला, चांगल्या घरातला वाटणारा एक माणूस तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ऊठ, ही जागा आमच्या मुलांसाठी आहे. मी त्याच्या अंगावर धावून गेले. काय काय बोलले, जर्मन संपलं तेव्हा मराठीत. तो हसत राहिला. पण तो माणूस नव्हे, बाकीचे माझ्या डोक्यातून जात नाहीत. अख्खी ट्राम आपापल्या फोनमध्ये बघत होती. एकानेही मान वर केली नाही. ब्रिगिटेला मी हे सांगितलं, त्या आठवड्यापासून तिचा केक सुरू झाला. आणि मी? मी उपेंद्रला म्हणाले, अबू धाबीची ऑफर घेऊन टाक.

ईशानी तेव्हा लहान होती. विसरली असेल, असं मी धरून चालले होते.

घरी आल्यावर मी कपाटाच्या वरून बॅग ओढली. उपेंद्रने लॅपटॉप उघडला, तिकिटाचा आकडा बघून सवयीने त्याचे रुपये करायला गेला आणि माझ्याकडे बघून थांबला.

"आर यू शुअर?" त्याने विचारलं. "तिथे कोणी काही बोललं तर?"

"तर बोललं. मी घाबरलेय, उपेंद्र. खूप घाबरलेय. पण नाही गेले तर मीही त्या फोनमध्ये बघणाऱ्यांतलीच होईन."

सकाळचं विमान मिळत होतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत मी ब्रिगिटेच्या दारात असते. मी थर्मल कुठे ठेवलेत ते शोधू लागले. तेवढ्यात ईशानी दारात येऊन उभी राहिली, गालावर उशीचे वळ.

"आय अ‍ॅम कमिंग टू."

"बाळा, तुला अजून मत नाही. मी दोन दिवसांत येते."

"आय नो आय कान्ट व्होट. आय वॉन्ट टु गो."

"थंडी असेल. बोअर होशील. शाळा बुडेल सोमवारची." मी कारणं काढत गेले, एकामागून एक, आणि प्रत्येक कारण आधीच्यापेक्षा पोकळ निघालं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इज इट बिकॉज ऑफ दॅट मॅन?"

मी थर्मल खाली ठेवून तिच्याकडे वळले. उपेंद्रनेही मान वर केली.

"आय रिमेंबर हिम, मम्मा. ब्राउन कोट. ही कॅन लिव्ह देअर एव्हरी डे, अ‍ॅण्ड आय कान्ट इव्हन व्हिजिट?" तिचा आवाज चिरकला. "आय वॉज बॉर्न देअर. नॉट हिअर. तू पण सगळ्यांना तेच बोलतेस."

मला तिला सांगायचं होतं की मी तुला सांभाळायला इथे आणलं. पण ज्या गावात ती जन्मली, ते गाव मी तिला न विचारता त्या कोटवाल्याच्या नावावर करून टाकलं होतं, हे माझ्या लेकीला माझ्या आधी कळलं होतं.

"उपेंद्र," मी म्हणाले, "तिचं पण तिकीट काढ."