मरव्याची काडी

मातीला आमच्या सोसायटीत बंदी आहे. तसं छापील पत्रकच आलंय खालून. माझ्या कुंड्यांचं पाणी नवव्या मजल्याच्या छतात झिरपलं, तिथल्या बाईंनी डागाचे फोटो काढून सगळ्यांना पाठवले आणि सभेत ठरलं, बाल्कनीत कुंडी नको. मलनाड सोडून बंगळूरला मुलाकडे येऊन मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

माझा मुलगा श्रीवत्स म्हणाला, "अम्मा, माती नको म्हणतात ना? मग मातीशिवाय लावू."

पंधरा दिवसांत बाल्कनीच्या भिंतीला पांढरे पाइप बसले. पाइपांना भोकं, भोकांत जाळीचे पेले, पेल्यांत भाजक्या मातीच्या गोळ्या, खाली टाकी आणि टाकीत पंप. पंप अखंड पाणी वर चढवतो, ते पाइपांतून मुळं भिजवत परत टाकीत येतं. पुदिना लावला, कोथिंबीर लावली, सुनेला पास्त्यात लागते ती तुळशीची परदेशी बहीण लावली. शेवटच्या पेल्यात माझा मरवा.

माझा म्हणजे माझ्या आईचा. आमचं गाव धरणाखाली गेलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गाडीत भांडीकुंडी होती आणि आईच्या मांडीवर करवंटीत मरवा. माझ्या लग्नात तिने त्याची एक काडी मला दिली, धाकट्या वारिजाच्या लग्नात एक तिला. बाजारातल्या जुडीला ह्या मरव्याचा वास येत नाही, असं आम्ही दोघी बहिणी जन्मभर लोकांना सांगत आलो. माहेरचं दुसरं दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

श्रीवत्सने तो कुंडीतून उपसला आणि सिंकमध्ये नळाखाली धरून मुळं धुतली. मला बघवेना.

"अम्मा, माती राहिली तर पाइप तुंबतात."

"धू बाबा. तुझ्या आजीची सगळी जमीन पाण्यात गेली, ही चिमूटभर कशाला ठेवतोस?"

त्याला टोमणे कळत नाहीत. त्याची बायको म्हणूनच सुखात आहे.

पण खोटं कशाला बोलू? पाण्यावर मरवा असा माजला की शेजारच्या कोथिंबिरीवर झुकायला लागला. मीही शिकले. निळ्या झाकणाच्या बाटलीतलं खत आधी टाकीत, ते मिसळलं की लाल झाकणाचं. दोन्ही थेट एकत्र केली तर दूध नासल्यासारखी होतात. पाण्याची आंबटाई मोजायची, टाकी दर पंधरवड्याला घासायची. सून चेतना मैत्रिणींना सांगायची, "आमच्या अत्ते आता इंजिनियर झाल्यात." मला आतून बरं वाटायचं. ह्या घरात माझ्या हातात एवढं एकच काम होतं.

मे महिन्यात वारिजाचा फोन आला.

"अक्का, माझा मरवा गेला गं. मागच्या पावसात मुळं कुजली. एक काडी दे ना, मी येऊन नेते."

"आता ऊन आहे. धरायची नाही. पाऊस पडू दे."

काडी धरली असती. पाण्यात आठ दिवसांत मुळं फुटतात. पण माझ्या मनात अकरा वर्षांचा खिळा होता. आई वारिजाकडे असताना वारली. मला कळवलं तेव्हा तिला नेऊन झालं होतं. रस्ते बंद होते, फोन लागत नव्हता, वारिजाने सगळं सांगितलं होतं आणि ते खरंही असेल. आईचं तोंड मला दिसलं नाही, हे मात्र नक्की खरं. तेव्हा म्हटलं, थांब जरा तूही.

गौरीच्या सणाला तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "नुकताच छाटलाय, आता नको." छाटला नव्हता. फोन ठेवल्यावर मी बाल्कनीत जाऊन त्याचा वास घेतला. आता तो माझ्या एकटीकडेच आहे, ह्याचं मला सुख झालं. लाज वाटायला हवी होती, पण झालं ते सुखच.

मग आयुधपूजा आली. नवमीला श्रीवत्सने गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं चिरडली, फाटकापाशी कोहळा फोडला आणि त्याच गाडीत बसून बायकोसह तुमकूरला सासरी निघाला. म्हणे उद्या संध्याकाळी येतो.

मी म्हटलं, "पूजा केलेली गाडी आज उभी ठेवतात रे."

"अम्मा, मग काय चालत जाऊ?" तो हसला. "तू तेवढं पाइपांकडे बघ."

आमच्याकडे नवमीला नांगर, कोयते, सुपारी सोलायची कत्ती, सगळं धुऊन पाटावर मांडायचं. दशमीला पूजा उतरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आई विळीलासुद्धा शिवत नसे, भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस तरी टेकू देत, म्हणायची. ह्या घरात राबणारं एकच यंत्र माझं होतं. नऊ महिने ते घुंघुं करत होतं, एक दिवस सुट्टी नाही. मी टाकीला हळदकुंकू लावलं, शेवंतीचं फूल ठेवलं आणि पंपाचं बटण बंद केलं. बाल्कनीत एवढी शांतता पहिल्यांदाच झाली. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी पानं जरा मलूल दिसली. मी वरून पाणी शिंपडलं. कुंडीला चार दिवस पाणी घातलं नाही तरी ती तगते, हे माझ्या हाताला साठ वर्षांचं ठाऊक होतं. माती ओल धरून ठेवते म्हणून तगते, हे डोक्यात आलंच नाही. पाइपांत धरून ठेवायला काय होतं? मुळं नुसती हवेत लोंबत होती.

दशमीला दुपारी पूजा उतरवून मी पंप लावला. पुदिना दिवे लागायच्या आत उभा राहिला. पास्त्याची ती बया अर्धी वाचली. मरवा नाही उठला. मी त्याच्या काड्या तोडून घरातल्या सगळ्या पेल्यांत पाण्यात ठेवल्या, अकरा पेले होते. आठवड्यात सगळ्या काळ्या पडल्या.

श्रीवत्स म्हणाला, "पंप बंद करायचा नसतो गं, अम्मा!" मग माझं तोंड बघून म्हणाला, "जाऊ दे. मरवाच ना? मागवतो, दहा मिनिटांत दारात येईल."

त्याच संध्याकाळी वारिजाचा फोन. "अक्का, दिवाळीला मी येतेय. आता मात्र नाही म्हणू नकोस."

सांगायचं होतं तिला, मारला मी तो. पण मे महिन्यापासून काय काय सांगितलं होतं, ते सगळं मागोमाग बाहेर आलं असतं. मी म्हटलं, "ये."

दुसऱ्या दिवशी हातगाडीवाल्याकडून मरव्याचं रोप आणलं. सिंकमध्ये त्याची मुळं धुतली, एकही कण राहू दिला नाही, आणि शेवटच्या पेल्यात लावलं.

वारिजा आली. चप्पल काढायच्या आधी पिशवीतून कॉफीचा जुना डबा काढला. आत माती होती, काळी, सुकून ढेकळं झालेली.

"ओळख बरं कुठली? अगं, ह्या उन्हाळ्यात धरण पार आटलं. आपल्या घराचं जोतं वर आलं. अंगणात तुळशीचा कट्टा होता ना, तिथली. म्हणून तर मेमध्ये तुझ्यामागे लागले होते. म्हटलं, अम्माच्या मातीत अम्माचा मरवा लावू. तुला आधी सांगितलं नाही, समोर डबा उघडून दाखवायचा होता."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण ती तोवर बाल्कनीत पोचली होती. पान चुरगळून नाकाशी धरलं आणि तशीच उभी राहिली. डोळे भरून आले तिचे.

"हाच. अक्का, हाच गं तो वास."

तिने काडी नव्हे, मुळासकट अर्धं रोप घेतलं, डब्यातल्या मातीत लावलं, बोटांनी दाबलं. मग माझा हात मातीच्या हातांनी धरला.

"अम्माचं तोंड मी तुला दाखवू शकले नाही. तरी तू दिलास. मला वाटलं होतं, राग धरून बसशील."

आता दर रविवारी तिचा फोन येतो. केवढा वाढला, कुणाकुणाला वास दिला, सुनेला काडी कधी द्यायची. परवा म्हणाली, "अक्का, तुझा पाण्यावरचा आहे, त्याचा काय भरवसा? गेला तर लाजू नकोस, सांग. मागशील त्या दिवशी काडी आणून देईन."

मी म्हटलं, "दे हं."