तीस सेकंदांचा उंबरा

मी एक जुना संगणक आहे. कन्हेरीत फुलाबाईंच्या रोपवाटिकेच्या खोलीत, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या पोत्यांना टेकून माझं टेबल आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी मऊ आवाजात सांगायची रीत असते. पण मी तीन वर्षं तोंड मिटून चिडत बसलेलो आहे. आवाज थोडा करकरला तर सांभाळून घ्या.

बारामतीच्या एका दुकानात मला जोडलं. पेटी एका कंपनीची, पडदा दुसरीचा, पंखा तर कुठला कोण जाणे. फुलाबाईंचे सासरे आबाजी मला घरी घेऊन आले. तरुणपणी त्यांनी मेंढरं राखलेली. नवं कोकरू आणावं तसं त्यांनी मला घोंगडीत गुंडाळून, मांडीवर धरून आणलं.

फुलाबाईंना एकच नाद. गावोगावच्या बायकांकडून जुन्या भाज्यांचं बी मागून आणायचं, दोन वर्षांतून एकदा लावून नवं बी धरायचं. शेतकी कॉलेजचा एक विद्यार्थी इथं शिकायला राहिला होता, त्यानं जाताना माझ्यात बियांच्या नोंदीचा एक छोटा प्रोग्रॅम करून दिला. फुलाबाई एका बोटानं टाइप करायच्या. कुणी दिलं, कुठलं गाव, चव कशी. ते सगळं माझ्या पोटात आणि कागदी पुडीवर फक्त आकडा.

"नाव का गं लिवत न्हाईस पुडीवर?" आबाजी विचारायचे.

"नाव लिवलं की येईल त्यो चांगलंच येचून नेतोय, मामंजी. आकड्याला कोण भुलतंय?"

मला ते पटायचं नाही. पण माझं कोण ऐकतंय!

पुढं घरात सून आली, राजलक्ष्मी. हुशार पोर. घरादाराचे ऑनलाइन अर्ज तीच भरायची, आणि ते माझ्या जुन्या प्रणालीत, म्हणजे मी ज्यावर चालतो त्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, उघडेनात. मग तिचा भाऊ ज्ञानेश इंदापूरहून आला. जुनीला हात न लावता त्यानं माझ्या डिस्कचे दोन भाग केले आणि दुसऱ्या भागात नवी प्रणाली बसवली. बियांचा प्रोग्रॅम जुनीतच चालणार होता, म्हणून दोघी हव्या होत्या. एका पेटीत थोरली आणि धाकटी.

आता दोघींना दार एकच. त्या दारावर बूट लोडर नावाचा राखणदार असतो. बटण दाबलं की आधी तो जागा होतो, काळ्या पडद्यावर दोघींच्या नावांच्या दोन ओळी दाखवतो आणि विचारतो, आज कोण? तीस सेकंदांत उत्तर आलं नाही, तर ज्या नावाला मान दिलेला असेल ती प्रणाली उघडतो. हे ऐकून फुलाबाई हसल्या आणि ट्रे भरता भरता गुणगुणल्या,

एका घरात दोघी जावा, एक चूल, एकच दार
थोरली पुसं धाकटीला, आज कुणाचा गं वार

"मान कुणाला देऊ, आबा?" ज्ञानेशनं विचारलं.

"थोरलीला."

"अवो, पण रोज धाकटीच लागणार."

"पंगतीला थोरलं माणूस आधी बसतंय का न्हाय? मग झालं तर."

झालं काय, मित्रांनो? राजलक्ष्मी बटण दाबून उतू जाणारं दूध बघायला धावायची. परत येईतो तीस सेकंद सरलेले, थोरली उघडलेली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मधेच तिचं तान्हं रडायचं, पुन्हा थोरली.

"आत्या, तुमची थोरली बसली बघा पाय पसरून," ती सासूला म्हणायची.

"तीस सेकंद दम धर की. ती काय तुझ्या ताटातलं खाती व्हय?"

एकदा ठिबक सिंचनाच्या अनुदानाच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. वीज दोनदा गेली, थोरली तीनदा उघडली, पाच वाजून गेले आणि अर्ज राहिला. दुसऱ्या दिवशी राजलक्ष्मीनं कुणाला न सांगता धाकटीला मान दिला आणि तीस सेकंदांच्या जागी शून्य लिहिलं.

त्या शून्याचा मला अजून राग येतो. शून्य म्हणजे राखणदारानं विचारायचंच नाही. दोन ओळी दिसायच्याच बंद झाल्या. आठवड्यानं फुलाबाई नोंद करायला बसल्या, तर समोर परका चेहरा. कोपरान्‌कोपरा शोधला. मग त्यांनी मला बंद केलं, वर जुनं लुगडं टाकलं आणि उठून गेल्या.

सुनेनं पुसलं, असं त्यांनी धरलं. विचारलं मात्र नाही. विचारलं तर घरात वाद, नाही विचारलं तर पोटात. इकडं राजलक्ष्मीला वाटलं, आत्यांना आता टाइप करायचा कंटाळा आला. तीन वर्षं. दोघी रोज एका परातीत भाकरी थापत होत्या, आणि मी पंखा फिरवण्यापलीकडं काही करू शकत नव्हतो. माझ्या पोटात सगळं होतं, जसंच्या तसं. पण फुलाबाईंनी त्या वर्षांत बी लावलंच नाही. डब्यातल्या पुड्या म्हाताऱ्या होत चालल्या.

यंदा भाद्रपदात नरसिंहपूरहून सारजाबाई आल्या, आबाजींची लेक, फुलाबाईंची नणंद. भीमा-नीरेच्या पुराचं पाणी त्यांच्या घरात शिरलं होतं.

"भांडीकुंडी राहिली, वैनी. बियाचं गाडगं तेवढं गेलं. आईची काटेरी वांगी होती त्यात. तुमाला दिलं हुतं ना मूठभर? त्यातलं चिमूटभर द्या."

फुलाबाईंनी डबा उघडला. वांग्याच्या अकरा पुड्या. अकरा आकडे. वांग्याचं बी सगळं सारखंच दिसतं.

"समदंच लावू की," आबाजी म्हणाले.

"चार महिने जातील, मामंजी. आन् शेजारी शेजारी लावल्यावर भेसळ हुतीया. बी पन थकलंय. यंदा चुकलं तर पुन्यांदा उगवायचं न्हाय."

"मग वही बघा की तुमची, त्या डब्यातली," सारजाबाईंनी माझ्याकडं बोट केलं.

फुलाबाई तीन वर्षांचं एका दमात बोलल्या. "ती पुसली आमच्या सूनबाईनं."

दारात राजलक्ष्मी उभी होती. हातातला ट्रे तिनं हळूच खाली ठेवला.

"मी पुसलं न्हाई, आत्या. नुसतं मागं सारलंय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी विचारलं का न्हाई?"

राजलक्ष्मीनं माझ्यावरचं लुगडं काढलं, मला चालू करून सेटिंग उघडलं, शून्य खोडून तीस लिहिलं आणि मला पुन्हा चालू केलं. काळा पडदा. दोन ओळी. फुलाबाईंचं बोट वरच्या बाणाकडं गेलं.

थोरली उघडली, सावकाश, तिच्या चालीनं. नोंद सापडली. पुडी सत्तावीस, सारजा वन्सं, नरसिंहपूर, काटेरी, भरीत गोड, बी सासूबाईंच्या हातचं.

सारजाबाईंनी ती पुडी कपाळाला लावली. आबाजी बायकोच्या हातचं बी बघत राहिले आणि म्हणाले, "चाळीस दानं असतील. निम्मं हितं लावा, निम्मं तिला द्या."

दोन्हीकडं मिळून बावीस रोपं उगवली. आता राखणदार कुणालाच मान देत नाही, बोट लागेपर्यंत थांबतो. सकाळी राजलक्ष्मी चुलीपासून विचारते, "आत्या, आज कुणाचा वार?" आणि उत्तर आल्याशिवाय दूध चढवत नाही.

तरी माझी चिडचिड संपलेली नाही. पुड्यांवर अजून आकडेच आहेत. माझी थकलेली डिस्क फिरताना कुरकुरते, ते दोघींनाही ऐकू येतं. मित्रांनो, दिसेनासं झालं म्हणजे पुसलं गेलं असं धरू नका, आधी विचारा. आणि जे एकाच पोटात ठेवलंय, ते दुसरीकडं उतरवून ठेवा. राजलक्ष्मीनं त्यासाठी वही आणली आहे, कोरी. ती माझ्या शेजारीच पडून असते.

एखाद्या सकाळी फुलाबाई म्हणतील, "आज वहीचा." त्याची मी वाट बघतो आहे.