पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

मृदुलाने बांगड्या काढून डायपरच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाकल्या. मग मान वाकवून मंगळसूत्र काढलं आणि गुंता होऊ नये म्हणून गुंजनच्या एका मोज्यात सरकवलं. पहिल्या शनिवारी हे करताना हात अडला होता. आता अडत नव्हता. पलीकडे राघवने घड्याळ, अंगठी आणि कमरेचा पट्टा बाकावर काढून ठेवला होता. अंगावर धातू नको, हा त्याचा पहिला नियम. एकट्याने काम करायचं नाही, हा दुसरा. तिसरा मृदुलासाठी होता आणि तो तिला दर वेळी म्हणून दाखवावा लागे.

"मला काही झालं तर?" जाड रबरी हातमोजे चढवत राघवने विचारलं.

"हात लावायचा नाही."

"मग?"

"आकड्याने ओढायचं. मग एकशे बाराला फोन."

"शाबास."

आकडा म्हणजे तिच्या उंचीएवढी फायबरची दांडी, टोकाला माणसाच्या कमरेत अडकेल एवढी अर्धगोल कमान. राघवचा मित्र सुबोध तो पहिल्यांदा पाहून म्हणाला होता, वहिनी, आपल्याकडे लोक आकडा टाकून वीज चोरतात, तुम्ही विजेच्या हातून नवरा चोरायचा. तेव्हा तीही हसली होती. सुबोध या विजेवरच्या गाडीत अर्धा भागीदार होता आणि दुसरा माणूस म्हणून उभं राहायचं काम खरं त्याचं. पण त्याची बायको ज्ञानदा एकदा डबा द्यायला आली, उघडी बॅटरी पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून सुबोधची कंबर दुखायला लागली.

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावाबाहेर, शेतांना लागून असलेलं हे गॅरेज त्यांनी भाड्याने घेतलं होतं. गाडी लिलावात मिळालेली, पुढून चेपलेली. पूर्ण दुरुस्त होऊन सरकारी तपासणीतून पास होईपर्यंत तिला रस्त्यावर आणायला बंदी. राघवची आई पुण्याहून म्हणायची, लोकांनी आपटून टाकलेलं आपण कशाला उचलून घरी आणायचं. राघव त्यावर बोलत नसे. ऑफिसात तो ज्या यंत्रासाठी राबत होता, ते त्याने आजवर एकदाही हाताने शिवलेलं नव्हतं. नुसते स्क्रीनवरचे आलेख. इथे आला की त्याच्या खांद्यांची ठेवणच बदलायची, हे मृदुलाला दिसत होतं. तिने नको म्हटलं असतं तर तो एकटा आला असता. एकदा दूध आणायला म्हणून आलाही होता.

बॅटरी गाडीखालून काढून लाकडी टेबलावर ठेवली होती. झाकण उघडं. आत पुस्तकाएवढे खोके ओळीने, एकमेकांना तांब्याच्या पट्ट्यांनी जोडलेले. अपघातात दबलेले खोके काढून त्या जागी दुसरे बसवायचे होते. गाडी बंद केली, तारा काढल्या, तरी या टेबलावरची वीज बंद करता येत नाही, हे तिला उशिरा कळलं. ती तिथे असतेच.

टेबलापासून दूर, जमिनीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीच्या पलीकडे गुंजनचा बॉक्स होता. बॉक्स, म्हणजे इथल्या प्रत्येक घरात असतो तो लहान मुलांचा कठडा. त्यात ती झोपली होती. मृदुला पट्टीच्या अलीकडे, लेकीकडे पाठ करून आकडा धरून उभी राहिली. तिच्यासमोर टेबल, टेबलामागे राघव.

मागच्या खेपेला गुंजन शिंकली म्हणून तिने क्षणभर मान वळवली होती. तेवढ्यात राघवच्या हातातला नट आवळायचा पान्हा घसरला. आवाज फटाक्यासारखा. तिने पाहिलं तेव्हा राघव टेबलापासून मागे सरकून हसत होता आणि पान्ह्याच्या टोकाचा उंदराने कुरतडल्यासारखा तुकडा गेला होता. काही नाही गं, म्हणाला, म्हणून तर हातमोजे घालतो. त्या रात्री तो शांत झोपला. मृदुला त्याचा हात हातात घेऊन, एकेक बोट चाचपत पडून राहिली होती.

आज तिने नजर हलवली नाही.

अर्धं काम झालं असेल, तेव्हा मागे गुंजन जागी झाली. आधी कुरकुर, मग हाक मारल्यासारखं, मग तो बेंबीच्या देठापासूनचा टाहो. मृदुलाच्या अंगावर दूध उतरलं. झग्याची छाती भिजत गेली.

"राघव."

"आत्ता नको. तांब्याची पट्टी अर्धी बसलीये, अशी सोडता येत नाही."

"रडतीये रे ती."

"ऐकतोय मी."

रडणं चढत गेलं. आले गं, आले, असं मृदुला समोर बघत म्हणत राहिली. तिचा आवाज राघवच्या दिशेने जात होता आणि गुंजनला आईची फक्त पाठ दिसत असणार. आकडा तिने खाली ठेवला नाही.

मग रडणं एकदम थांबलं.

राघवने मान वर केली. त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली आणि त्याचा सबंध चेहरा उजळला, ओठ विलग झाले. हातात पान्हा तसाच. पान्ह्याचं टोक तांब्यावरून बोटभर सरकलं.

"हाताकडे बघ," मृदुला म्हणाली.

त्याने खाली पाहिलं. पट्टी बसली, नट आवळला गेला. झाकण ठेवलं, हातमोजे उतरले, मग तो म्हणाला, "पाहिलंस?"

मृदुला वळली. गुंजन बॉक्समध्ये बसलेली, गाल ओले, मूठ तोंडात.

"उभी राहिली गं. पाहिलंस ना?"

वर्षाची होत आली तरी गुंजन उभी राहत नव्हती. बाळांच्या दवाखान्यातली नर्स दर वेळी विचारायची, राघवची आई दर फोनवर.

"हो," मृदुला म्हणाली. नाही म्हटलं असतं तर पुढचंही सगळं बोलावं लागलं असतं. तिने गुंजनला उचलून छातीशी घेतलं आणि गाडीकडे पाठ करून बसली.

घरी जाताना वारा समोरून होता. दोन सायकली, मध्ये अंतर, बोलणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी मृदुला खिमटी गरम करत होती, तेवढ्यात राघवने आईला व्हिडिओ कॉल लावलाही. ती वाटी घेऊन बाहेर आली तर पडद्यावर सासूबाई डोळे पुसत होत्या.

"आता तू सांग गं," त्या म्हणाल्या. "त्याचं ऐकलं. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मृदुला गुंजनला मांडीवर घेऊन बसली.

"झोपेतून उठली," ती म्हणाली. "कडेला धरलं, दोन्ही हातांनी. मग हळूहळू उठली." तिने गुंजनच्या केसांवरून हात फिरवला. "आणि माझ्याकडे बघून हसली."



"अगं, पण हा तर म्हणाला काहीही न धरता. मधोमध. आणि तुझ्याकडे हात केलेले, डोळ्यांत पाणी म्हणे."

मृदुलाच्या हातातला चमचा वाटीत तसाच राहिला. राघव तिच्याकडे बघत होता. बराच वेळ बघत होता, असं तिला वाटलं.

"नाही आई," तो म्हणाला. "मी टेबलामागे होतो, मला नीट दिसलं नाही. कडेलाच धरलं होतं तिने."

"आणि हसली?"

"हो. हिच्याकडे बघून."

राघवने फोन टीपॉयवर उलटा ठेवला.

"सुबोधला विचारतो, पुढच्या शनिवारी आकडा धरायला येतोस का," तो म्हणाला.

"त्याची कंबर?"

"हं."

"मग राहू दे ना आता."

"बॅटरी तशी अर्धवट नाही ठेवता येत गं. ती जास्त वाईट."

मृदुलाने मान डोलावली. हेही तिला माहीत होतं. राघव उठला, मधलं टीपॉय भिंतीला सरकवलं आणि गुंजनला तिच्या मांडीवरून घेऊन खोलीच्या मधोमध बसवलं. मग तो एका बाजूला, मृदुला दुसऱ्या बाजूला, दोघंही फरशीवर हात पसरून बसले. ऊठ गं सोने, तो म्हणाला. बाबाला दाखव, आईला दाखव. गुंजनने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग खाली वाकून फरशीवर सांडलेलं खिमटीचं शीत बोटाने उचलायला लागली.

बाहेर पुरता अंधार पडला तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही.