पडवीतली मजलिस

मस्कतहून कायमचा परत आल्यावर चौथ्या दिवशी अझीमने पडवीला मापाचा टेप लावला.

रत्नागिरीतल्या राजिवड्यात त्यांचं घर होतं, जांभ्या चिऱ्याचं आणि कौलारू. पुढे लांबलचक उघडी पडवी. खाडीवरचा वारा तिथून थेट माजघरात शिरायचा. अझीमने तेवीस वर्षं तिकडे नोकरी केली. वर्षा-दोन वर्षांनी महिनाभर यायचा. तेवढ्या काळात पडवी त्याच्या बायकोची, हफीजाची, होऊन गेली होती. तिचं शिलाई मशीन तिथे, झोपाळा तिथे. दुपारी शेजारपाजारच्या चार-पाच बायका शिवण शिकायला यायच्या आणि शिवण्यापेक्षा बोलायच्याच जास्त.

"इथं मजलिस करायची," अझीम म्हणाला. "तिकडं घराघरात असते. पाहुण्यांची बैठक. पुढून भिंत घालू, एसी लावू, खाली गाद्या आणि लोड. झोपाळा तेवढा काढावा लागेल. तुझं मशीन मागच्या खोलीत राहील."

"बरं," हफीजा म्हणाली.

बोटीने पाठवलेली खोकी आली. त्यांत लाल-काळ्या विणीच्या लांब गाद्या, दोन नक्षीदार लाकडी जाळ्या, कहव्याची, म्हणजे तिकडच्या कडू कॉफीची, पितळी सुरई आणि बिनकानाचे इवलेसे पेले होते. अझीम एकेक वस्तू पुसून ठेवत होता. हफीजा मशीनवर बसून बघत होती आणि एकच टीप पुन्हा पुन्हा उसवत होती.

"अम्मी, भिंत नको म्हणून अब्बांना सांग ना," त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी लायबा म्हणाली.

"इतकी वर्षं परमुलखात राबले ते. आता स्वतःच्या घरात एक हौस करतात, तर मी आडवी येऊ?"

रविवारी महिपत गवंडी टेम्पोभर चिरे घेऊन आला. पडवीपुढच्या खळ्यात चिरे उतरवून त्याने पडवीवरून नजर फिरवली.

"भिंत घाला म्हणालात तर घालतो, अझीमभाई. पण माजघरात भरदिवसा दिवा लावावा लागेल. वारा बंद झाला की पावसात ओल धरेल, ते वेगळंच." मग त्याने वर पाहिलं. "झोपाळ्याच्या कड्या आधी काढून घेऊ?"

हफीजा चहा घेऊन दारात आली होती.

"नको!"

आवाज इतका मोठा निघाला की ती स्वतःच दचकली. पण आता थांबणं शक्य नव्हतं.

"कड्यांना हात लावू नका, महिपतभाऊ." ती अझीमकडे वळली. "तुम्ही तिकडं होतात तेव्हा मी इथं होते. लायबाला ह्याच झोपाळ्यावर वाढवलं. तुमच्या आईचं सगळं आजारपण ह्या पडवीत काढलं. दुपारच्या त्या बायका नसत्या ना, तर मला वेड लागलं असतं. भिंत घातलीत की तुमचे पाहुणे बाहेर आणि मी आत. कोंडून."

महिपत हळूच खळ्यात उतरला आणि रचलेलेच चिरे पुन्हा रचू लागला.

अझीम झोपाळ्यावर बसला.

"पाहुणे कोण येणार आहेत, हफीजा? मला इथं ओळखतं कोण? परवा मशिदीत एकाने विचारलं, तुम्ही हफीजाभाभींचे घरवाले ना?" तो खाली बघत म्हणाला, "तिकडं मी मालकाच्या मजलिसमध्ये कहवा द्यायचो."

"तुम्ही तर ऑफिसात होतात."

"पहिली दोन वर्षं. मग त्यांच्या घरी. डाव्या हातात सुरई, उजव्या हातात पेले, आणि दाराशी उभं राहायचं. माणूस वाईट नव्हता. पण बस म्हणून कधी कोणी सांगितलं नाही. तेव्हाच मनात घेतलं, घरी गेलो की अशीच खोली करायची आणि तिच्यात मधोमध बसायचं. पुढचा विचारच केला नव्हता."

हफीजाच्या हातातला चहा निवून गेला होता. इतके दिवस तिला वाटत होतं, ह्या माणसाला आता आपलं घर जुनाट दिसतंय, घर आणि आपणही. तसं काही नव्हतंच. तिला एकदम हलकं वाटलं, आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं.

"मग बसा ना," ती म्हणाली. "बसायला भिंत कशाला हवी?"

खळ्यातून महिपत म्हणाला, "भाभी, ऐकू आलं म्हणून सांगतो. ह्याच चिऱ्यांचा आतल्या भिंतीला धरून कट्टा बांधतो, वीतभर उंच. गाद्या त्याच्यावर घाला. पडवी उघडी राहील. त्या जाळ्या दक्षिणेच्या अंगाला उभ्या करू, पावसाची झड अडेल."

"आणि गिलावा?" अझीमने विचारलं.

"कशाला? चिऱ्याचा रंग तुमच्या गाद्यांना शोभतोय की."

आठ दिवस काम चाललं. शेवटी एक गादी कट्ट्यापेक्षा दोन हात लांब निघाली. हफीजाने कात्री घेतली.

"मस्कतची आहे गं," अझीम म्हणाला.

"मग डोळे मिटा."

त्याने खरंच मिटले. तिने गादी कापून टोक पक्कं शिवलं, आणि उरलेला तुकडा झोपाळ्यावर घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका आल्या आणि पायरीवरच थबकल्या. शेवटी पलीकडच्या आळीतली नम्रता चपला काढून गादीवर बसली. "पाठ टेकते हो छान," ती म्हणाली. मग बाकीच्याही बसल्या. अझीम कहवा घेऊन आला. नम्रताने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काढा आहे की काय हा?"

सगळ्याजणी हसल्या. अझीमही हसला. "खजूर खा त्याच्याबरोबर," तो म्हणाला.

लायबाने त्याच्या हातातली सुरई काढून घेतली. "द्या इकडे, अब्बा. तुम्ही बसा."

तो कोपऱ्यात लोडाला टेकून बसला. मशीन सुरू झालं, गप्पा सुरू झाल्या. कोणाच्या तरी जावेची गोष्ट रंगात आली असताना कोपऱ्यातून बारीक घोरणं ऐकू आलं. बायकांनी आवाज खाली आणले.

"बोला की मोठ्याने," हफीजा म्हणाली. "त्यांनाही सवय होऊ दे."